बिनभोकाची पानं

पाहणी समिती परवा येणार होती आणि रेंजर खंडेरावांना एकच चिंता होती, जेवणाची. मागल्या साली सुरगाण्याच्या विश्रामगृहात साहेबलोकांना सागाच्या पानांवर वाढलं होतं. पानांना अळीची भोकं. वरण थेट एका साहेबाच्या पांढऱ्या पँटवर उतरलं आणि खंडेरावांची बढती तिथंच अडकली.

त्यांनी रोजंदारीवरच्या भिमाबाईला बोलावलं. "दोनशे पानं पायजेत, साहेब, ड्रायव्हर, गावचे पुढारी धरून. एकाला जरी भोक दिसलं तर उद्यापास्नं रोजावर येऊ नको."

"आवं सायेब, आख्ख्या रानाची चाळण झालीया. धड पान आणू कुठून?"

"ते तू बघ."

तिकडे कीटकशास्त्रज्ञ डॉ. गांगुर्डे समितीला आणायला नाशिकला गेले होते. सागाच्या पानांची जाळी करणारी अळी औषध न फवारता संपवायची, हे त्यांचं तीन वर्षांचं काम. तिळाहून बारीक अशा माश्या त्यांनी याच जंगलात शोधल्या होत्या. ही माशी अळीच्या पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घाली. अळी जन्मायच्या आतच खलास. गांगुर्ड्यांनी सागाची पंधरा कोवळी, माणसाएवढी झाडं निवडली, बुंध्यांना चुन्याचे पट्टे मारले आणि माश्या सोडल्या. पावसाळा सरता सरता सगळं रान जाळीदार झालं. ही पंधरा झाडं मात्र हिरवीगार. आता ती समितीला दाखवायची होती. योजना चालू राहणार की तिला टाळं लागणार, ते त्यावरच ठरायचं होतं.

समिती जंगलात उतरली. चुन्याचे पट्टे जागेवर होते. झाडांवर शेंड्याची दोन दोन पानं सोडली तर काही नव्हतं.

"ही माश्या सोडलेली झाडं?" अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"हो साहेब. परवापर्यंत पानं होती."

"आणि शेजारची? माश्या न सोडलेली?"

"हो."

"त्यांना निदान जाळी तरी आहे."

सदस्य हसले. एकानं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

"साहेब, हे देठ बघा. हातानं खुडलेत!"

"डॉक्टर, आता माणसांवर ढकलू नका. भूक लागलीय, चला."

पंगत बसली. गांगुर्ड्यांच्या पुढ्यात एक रुंद, जाड, बिनभोकाचं पान आलं. ते पानाकडे बघतच राहिले. मग त्यांनी वाढणाऱ्या भिमाबाईचे हात पाहिले. सागाच्या पानांच्या रसानं ते मनगटापर्यंत लाल झाले होते.

"भिमाबाई, ही पानं कुठली?"

"पट्ट्याच्या झाडांची, सायेब," वाढता वाढता ती हळूच म्हणाली. "दोन दिस रान पालथं घातलं. दुसरीकडं आख्खं पानच नाय. तुमची झाडं लय गुनाची निघाली बघा."

गांगुर्डे ताडकन उठले. "साहेब! माझा पुरावा तुमच्यासमोर आहे! तुम्ही त्यावरच जेवताय!"

अध्यक्षांचा घास हातातच राहिला. "काय हो रेंजर, हे खरं?"

प्रयोगाची झाडं ओरबाडली हे कबूल केलं तर बढती सोडाच, नोकरीही गेली असती. खंडेराव हात जोडून म्हणाले, "छे साहेब! पानं पलीकडच्या वनहद्दीतली. या बाईनंच तोडली. काय गं?"

भिमाबाईनं गांगुर्ड्यांकडे बघितलं. मग खंडेरावांकडे. मान खाली घालून ती भात आणायला गेली.

"बसा डॉक्टर," अध्यक्ष म्हणाले. "जेवताना तरी किडे नकोत."

१९८०च्या जानेवारीत अहवाल आला. माश्यांचा प्रयोग निरुपयोगी, पुढल्या हंगामात औषधाची फवारणी करावी. खाली वेगळ्या परिच्छेदात भोजनव्यवस्थेबद्दल रेंजरची तारीफ होती. खंडेराव बढतीवर दिंडोरीला गेले.

गांगुर्डे खोक्यांत बरण्या भरत होते, तेव्हा भिमाबाई दारात येऊन उभी राहिली.

"सायेब, त्या दिशी माझी जीभच उचलली नाय. रोज गेला असता."

"असू दे."

"येक इचारू? फुडल्या साली पोरीचं लगीन हाय, पंगतीला धड पानं लागतील. त्या बारक्या माश्या माझ्या बांधावरच्या सागावर सोडता का?"

"ते काम बंद झालं, भिमाबाई. सरकारनं लिहून दिलंय, माश्यांचा उपयोग नाही."

भिमाबाईला ते काही केल्या उमगेना.

"उपेग नाय? मंग सायेबलोक जेवले कशावर?"