डावीकडचं मागचं दार

मागच्या डाव्या दाराचं हँडल गमऱ्यांच्या हातात आलं, तेव्हा लग्नाला बरोबर तीन आठवडे उरले होते. कोंडिराम गमरे मीरा रोडच्या आपल्या बिल्डिंगखाली गाडीशेजारी उभे होते. त्यांनी हँडलकडे पाहिलं, दाराला उरलेल्या भोकाकडे पाहिलं आणि हँडल गुपचूप खिशात टाकलं, कारण पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची बायको वैजयंताबाई बघत होत्या.

"तुटलं?" त्यांनी वरून विचारलं.

"सैल झालंय जरा."

"खिशात घातलंत म्हणून विचारलं."

गमरे सव्वीस वर्षं एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठनी मारुती घेतली आणि गमरे रिटायर होताना ही पासष्ट सालची फिकट निळी फियाट त्यांना देऊन टाकली. गमऱ्यांचं म्हणणं असं की गाडी काय, कोणीही चालवतो. ड्रायव्हर म्हणजे दार उघडणारा माणूस. उतरायचं, बॉनेटला पुढून वळसा घालायचा, मागून कधीच नाही. दोन बोटांनी हँडल ओढायचं आणि दार असं उघडायचं की आवाज होता कामा नये. हे डावीकडचं मागचं दार त्यांनी शेठसाठी उघडलं, शेठाणींसाठी उघडलं, पाहुण्यांसाठी उघडलं आणि शेठच्या कुत्र्यासाठी तर रोज उघडलं. वैजयंताबाईंसाठी मात्र एकदाही नाही. मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलमधून त्या याच गाडीने घरी आल्या होत्या, पण पुढे बसून. मागे शेठच्या फायली होत्या. एक दिवस तुला मागे बसवीन आणि दार मी उघडीन, असा शब्द गमऱ्यांनी तेव्हा दिला होता. ती मुलगी आता सासरी होती आणि शब्द तसाच राहिला होता.

लग्न वैजयंताबाईंच्या मोठ्या बहिणीच्या मुलाचं, लोकेशचं होतं. या बहिणीचे, शेवंतीताईंचे, यजमान बँकेत साहेब होते. ताई चारचौघांत ओळख करून देताना म्हणायच्या, "ही आमची वैजू. हिचे मिस्टर ड्रायव्हर आहेत." त्यात वाईट काही नव्हतं, पण त्या दरवेळी म्हणायच्या. म्हणून गमऱ्यांनी ठरवलं होतं की भाईंदरला जेसल पार्कच्या लग्नाच्या हॉलसमोर, ताईंच्या डोळ्यांदेखत, ते दार उघडायचं.

"पण मागे बसून मी करायचं काय?" वैजयंताबाईंनी विचारलं होतं.

"काही नाही. नुसतं बसायचं."

"ते मला कसं जमणार?" त्या म्हणाल्या. पण साडी फॉल लावायला त्यांनी त्याच दिवशी टाकली.

पासष्टच्या फियाटचं हँडल एक्याण्णव साली मिळणं अवघड होतं. मुंबईत जाऊन चार दुकानं पालथी घातल्यावर पाचव्या दुकानदाराने पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक चकचकीत हँडल काढलं.

"सेम टू सेम. बनानेवाला भी नहीं पहचानेगा."

"बैठेगा ना बराबर?"

"बैठेगा. नहीं बैठा तो बिठाना पडेगा."

बसवायचं काम बाबाजीकडे गेलं. बाबाजी समुद्रकाठच्या पालीचा. हयातभर त्याने होड्यांची इंजिनं दुरुस्त केली होती आणि आता भाईंदरला गॅरेज टाकलं होतं. नव्या हँडलचा चौकोनी दांडा लॉकच्या भोकात शिरेना. तो केसभर जाड होता.

"दांडा घास थोडा," गमरे म्हणाले.

"नव्या पार्टाला कानस लावायची?" बाबाजीला ते पटलं नाही. "नवी वस्तू कोन बिघडवतं, गमरेदादा? गाडी जुनी हाय. गाडीला लावू."

गमऱ्यांनाही हे बरोबर वाटलं. घरात नवं कपाट आलं तर भिंत तासतात, कपाट नाही. बाबाजीने लॉकचं भोक मोठं केलं. पंचवीस वर्षं इमानाने चाललेलं लॉक तिसऱ्या फटक्याला तडकलं.

नवं लॉक आणायला नमुना हवा, म्हणून बाबाजीने मागच्या उजव्या दाराचं लॉक काढून दिलं. दुकानदाराने ते हातात घेतलं, आत नेलं, आणि बाहेर आलं ते दुसरंच काहीतरी. जुनं कुठे गेलं ते त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. उजवं दार तारेने बांधून टाकावं लागलं. "तिकडनं कोन उतरतंय," बाबाजी म्हणाला.

नवं लॉक बोटभर मोठं निघालं. ते मावावं म्हणून दाराचा पत्रा आतून ठोकला. पत्रा फुगला, म्हणून दार चौकटीत बसेना. बसावं म्हणून रबर काढलं. मग दार खडखडायला लागलं, म्हणून होडीच्या फळ्यांत भरतात तसला कापूस आणि राळ भरली. तेव्हा कुठे दार बसलं. इतकं बसलं की उघडेना.

"उघडतंय की," बाबाजी म्हणाला. "हे बघा. आधी आत ढकलायचं, मंग ओढायचं." त्याने दाराला गुडघा मारला, हँडल फिरवलं आणि दार उघडून दाखवलं, एकदा नव्हे, तीनदा. भाजी घेऊन परत येताना गॅरेजमध्ये डोकावलेल्या वैजयंताबाईंनीही ते पाहिलं.

"आत ढकलायचं?" गमरे म्हणाले. "आत माणूस बसलंय, आणि मी दार त्याच्या अंगावर ढकलू? हे आपल्याला जमणार नाही."

"मंग उघडनार न्हाय," बाबाजी म्हणाला.

आठवडाभरात नव्या हँडलचा मुलामा निघाला आणि खालून पिवळट काहीतरी डोकावू लागलं. ताईंसमोर ते नको, म्हणून गमऱ्यांनी पुढच्या डाव्या दाराचं मूळ हँडल मागे लावलं आणि नवं पुढे. पुढे ते अडकलं आणि त्याने लॉकही धरून ठेवलं. आता चार दारांच्या गाडीत बिनतक्रार उघडणारं दार एकच उरलं होतं, ड्रायव्हरचं. गमऱ्यांना याची काळजी नव्हती. त्यांना उघडायचं होतं ते एकच दार, आणि त्याला ओरिजिनल हँडल होतं.

लग्नाच्या दिवशी वैजयंताबाई मोरपंखी साडी नेसून ड्रायव्हरच्या दारातून आत शिरल्या आणि पुढच्या सीटवरून ओलांडून मागे गेल्या. "तिथे पोचल्यावर उघडू, आत्ता उगाच हात लावायला नको," असं गमऱ्यांनी सांगितलं होतं. वाटभर त्या ताठ बसून राहिल्या. सीटची एक स्प्रिंग टोचत होती, पण बोलल्या नाहीत.

मुहूर्त वगैरे पाहिलेला नव्हता, तरी बारा म्हणजे बारा, असं पत्रिकेत होतं. पावणेबाराला हॉलच्या दारात शेवंतीताई, त्यांचे यजमान आणि निम्मे पाहुणे उभे होते. गमऱ्यांनी गाडी अलगद थांबवली. उतरले, शर्ट ओढून नीट केला, बॉनेटला पुढून वळसा घातला आणि दोन बोटांनी हँडल ओढलं.

काहीच झालं नाही. त्यांनी चार बोटांनी ओढलं. मग दोन्ही हातांनी.

"आधी ढकला," वैजयंताबाई खिडकीतून पुटपुटल्या.

"तू बसलीयस ना आत."

"म्हणूनच म्हणतेय."

गमऱ्यांनी ढकललं नाही. सव्वीस वर्षांची सवय होती. त्यांनी आणखी एकदा ओढलं आणि हँडल हातात आलं. ते त्यांनी पाठीमागे लपवलं आणि तसेच ताठ उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरलेला वैजयंताबाईंना दिसला.

"राहू दे. मी येते," त्या म्हणाल्या. निऱ्या आवरून त्यांनी पुढची सीट ओलांडली. ओलांडताना कोपर हॉर्नवर पडलं आणि जे पाहुणे बघत नव्हते तेही बघू लागले. मग वैजयंताबाई ड्रायव्हरच्या दारातून उतरल्या. उतरताना घराच्या सवयीने त्यांनी किल्ली काढून घेतली.

शेवंतीताई पुढे आल्या. त्यांनी बहिणीच्या हातातली किल्ली पाहिली आणि मागच्या दाराशी हात पाठीमागे बांधून उभे असलेले गमरे पाहिले.

"वैजू, गाडी तू चालवत आणलीस?"

वैजयंताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "हो. ह्यांना मागे बसायला आवडतं," त्या म्हणाल्या.

ताईंच्या यजमानांकडे स्कूटर होती, आणि तिलाही ताईंनी कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत वैजयंताबाईंभोवती बायकांचा घोळका होता. "गिअर बायकांना जमतो का हो?" एकीने विचारलं. "कुकरपेक्षा सोपा," वैजयंताबाईंनी सांगून टाकलं. मिस्टर काय करतात, हे कोणी विचारलंच नाही.

निघताना मात्र सगळी मंडळी गाडीपाशी आली. "चालव ना, बघू दे," ताई म्हणाल्या.

गमरे ड्रायव्हरच्या दारातून मागे चढले. "जुन्या गाडीत असंच चढतात," वैजयंताबाईंनी खुलासा केला आणि स्टिअरिंगपाशी बसल्या. मग खिडकीतून डोकं काढून म्हणाल्या, "लोकेश, बॅटरी उतरलीये रे. तुझ्या मित्रांना जरा धक्का मारायला सांग. पुढच्या वळणापर्यंत."

गाडी हलली. मागून गमरे दबक्या आवाजात सांगत होते, "न्यूट्रलला आहे, घाबरू नकोस. सरळ धर. आता डावीकडे. थोडंच. मधलं पायडल ब्रेक, मधलं."

वळण संपलं, पोरं हात हलवून माघारी गेली आणि वैजयंताबाईंनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गमरे पुढच्या सीटवर आदळले.

"सरक आता, मी पुढे येतो," ते म्हणाले. "आणि ऐक. माझा शब्द तेवढा राहिला."

"थांबा." वैजयंताबाई उतरल्या. पदर सारखा केला, बॉनेटला पुढून वळसा घालून डावीकडच्या मागच्या दाराशी आल्या आणि खिडकीतून हात पुढे केला. "हँडल द्या."

गमऱ्यांनी खिशातून हँडल काढून दिलं. त्यांनी ते भोकात सरकवलं, दाराला आधी गुडघा लावून आत ढकललं आणि मग ओढलं. दार उघडलं. आवाज झाला नाही.

"उतरा," त्या दार धरून म्हणाल्या.

त्या दारातून सव्वीस वर्षं लोक उतरताना गमऱ्यांनी पाहिले होते. पण आधी कुठला पाय बाहेर काढायचा असतो, ते त्यांना आठवेना.