पायरीजवळचा खांब

पूल उभे करणाऱ्या माणसाला घरामागे एक लोखंडी खांब रोवणं म्हणजे हातचा मळ! असं मी आईला छाती ठोकून सांगितलं.

बाबांचा एक पाय अर्धांगाच्या झटक्यानंतर ऐकेनासा झाला होता. मागच्या पायऱ्या उतरून बागेत जायला काहीतरी आधार हवा होता. पण जन्मभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस, कुणाचा हात म्हणून धरायचा नाही!

मी खड्डा खणून काँक्रीटचा बुटका ठोकळा ओतला, त्यात चार बोल्ट उभे केले आणि काँक्रीट मुरल्यावर त्यांवर खांब आवळला. सळ्या? एवढ्याशा ठोकळ्याला सळ्या कशाला!

बाबांनी खांब धरून अंग झोकलं मात्र, ‘कट्’ असा आवाज झाला आणि बाबा थेट चिखलात! खांब हातात, भालेवाल्या पहारेकऱ्यासारखा! बोल्ट धडधाकट होते. भोवतालचं काँक्रीटच फाटून त्यांच्यासोबत आलं होतं, दाढेबरोबर हिरडी यावी तसं.

“तुझ्या पुलांवरून लोक जातात?” बाबांनी विचारलं.

“जातात की.”

“धीट आहेत!”

आई हसली नाही. ती बाबांच्या कोपराचं रक्त पुसायला लागली.

मग मात्र मी इरेला पेटलो. नव्या ठोकळ्यात बोल्टांना खेटून उभ्या सळ्यांचा पिंजरा बांधला, वरच्या बाजूला सळ्यांभोवती कड्या दाट घातल्या. काँक्रीटला तडा गेलाच, तर सळ्या त्याला धरून ठेवतात आणि बोल्टांची ओढ खाली नेतात. ऑफिसात हेच तर मी सगळ्यांना शिकवतो! वर अतिउत्साहात नटही वेल्डिंग करून टाकले.

“आधी परीक्षा!” बाबा खुर्चीतून गरजले. “गाडीने ओढ!”

बायको गाडीत बसली. ओढायचा हुक काही सापडेना, म्हणून मी दोर बंपरलाच बांधला.

“सावधान! एक... दोन... ओढ!”

गाडी डरकाळली. धाड्!

“आला, आला!” बायको ओरडली.

मी डोळे मिटून घेतले. आला होता तो बंपर! खांब जागचा हलला नव्हता. बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, अर्ध्याच चेहऱ्याने, वाकडं. आई त्या हसण्याकडे बघतच राहिली.

त्या खांबाला धरून बाबा थोडेच दिवस बागेत उतरले. दुसऱ्या झटक्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं, आणि एका दुपारी, आई पाणी आणायला आत गेली तेवढ्यात, गेले.

पाहुणे पांगल्यावर आई म्हणाली, “तो खांब काढून टाक रे. मागचं दार उघडवत नाही मला.”

मी पाना घेऊन गेलो, उगाच थोडी खटपट केली आणि परत आलो.

“आई, नाही गं निघत.”

“जन्मात एक काम नीट केलंस,” ती म्हणाली, “ते नेमकं हेच!” आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

कटर लावला तर तो खांब चुटकीसरशी कापता येतो. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.