धवला बगळी आणि डुलणारा दिवा

एका जंगलात सिंह होता, हे तुम्हाला सांगायला नकोच. जंगल म्हटलं की सिंह आलाच. पण बाळांनो, आपली गोष्ट आहे धवला बगळीची.

त्या जंगलात कासवगुरुजी होते. ते म्हणत, आकाशात तारे ज्या वेगाने फिरतात, त्या वेगाने ते केव्हाच पांगायला हवे होते. म्हणजे न दिसणारं काहीतरी त्यांना धरून ठेवतंय. त्याचं नाव कृष्णपदार्थ. त्याचा कण इतका हलका, की त्याच्यापुढे मुंगीची उचकीसुद्धा जड.

मग तो शोधायचा कसा, असं सिंहाने विचारलं.

गुरुजी म्हणाले, आकाशाच्या पार पलीकडे क्वेसार नावाचा दिवा आहे. आपला डोंगर उभा राहायच्या आधीच त्याचा उजेड निघालाय. वाटेत कृष्णपदार्थ असेल, तर तो उजेड लयीत डुलेल. फक्त बघणारा हलता कामा नये.

सगळ्यांनी धवलाकडे पाहिलं. एका पायावर तासन् तास उभं राहणं हा तर तिच्या घराण्याचा रिवाज.

कोल्हा त्या राज्याचा प्रधान. त्याने अट घातली. उजेड डुलला तर तळ्याची उथळ कड कायमची धवलाची. नाही डुलला तर प्रधानांच्या मेव्हण्याची. धवलाची पिल्लं त्याच कडेच्या माशांवर वाढत होती. ती एका पायावर उभी राहिली.

आणि काय सांगू, उजेड डुलला. थोडा थांबला, पुन्हा डुलला. अगदी लयीत.

जंगलात ढोल वाजले. माकडांनी कृष्णपदार्थाचे पेढे वाटले. ते कुणाला दिसले नाहीत, पण सगळ्यांनी गोड म्हटले.

धवलाच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली होती. एक पाय अवघडला की ती दुसऱ्यावर येई, आणि नेमका तेव्हाच दिवा डुले. तिने पिल्लांकडे पाहिलं. तळ्याकडे पाहिलं. मग दरबारात जाऊन सांगून टाकलं.

"महाराज, दिवा नाही हलला. मी हलले. पाय बदलताना."

मेव्हणा उठून तळ्याकडे निघालासुद्धा. कोल्ह्याने त्याला शेपटीला धरून खाली बसवलं. हा शोध बघायला या, अशी शेजारच्या जंगलाला आमंत्रणं गेली होती. तिथला राजा वाटेत होता.

"धवलाबाई, किती तो विनय," कोल्हा म्हणाला. "कृष्णपदार्थ लाजाळू आहे. तुम्ही पाय बदललात की येतो. हा तर त्याहून मोठा शोध."

"प्रधानजी, एकदा तरी न हलता बघू द्या. तळ्याकाठच्या त्या दगडाला टेकून उभी राहते."

"आणि काहीच दिसलं नाही तर? महाराजांना तोंड तुम्ही दाखवणार की मी?"

कासवगुरुजींनी मान आत घेतली, ती अजून बाहेर आलेली नाही.

कड धवलालाच मिळाली. पिल्लं बाळसं धरून आहेत. पाहुणे आले की नगारा वाजतो, धवला पाय बदलते, टाळ्या पडतात. टेकायचा तो दगड तेवढा प्रधानजींनी उचलून नेलाय.

तात्पर्य : शोध लावायचा असेल, तर बघणाऱ्याने स्थिर उभं राहू नये. आणि खरं जरूर बोलावं. प्रधान हुशार असला, की खऱ्याने कुणाचं काही बिघडत नाही.