जठराचं दहावं

"बघा धनीराम, हा तुमच्या जठराचा तुकडा," काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत डॉ. मधुकरराव कौतुकानं म्हणाले. "कॅन्सरच्या गाठीभोवती बारीक रक्तवाहिन्या कशा फुटल्यात, दिसतं?"

पोटाच्या कॅन्सरमधल्या या रक्तवाहिन्यांवरच डॉक्टर प्रबंध लिहीत होते. ऑपरेशनला सहा महिने होऊनही धनीराम ठणठणीत होता, आणि त्याच्याइतकी देखणी काच त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाची नव्हती.

एकोडीचा धनीराम एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिला.

"हे माह्यं हाय?"

"तुमचंच."

"अन् बाकीचं?"

"ते दवाखान्यानं जाळून टाकलं."

"जाळलं?" धनीरामनं डोळा वर केला. "मंग त्याचं दहावं कोनं केलं?"

डॉक्टर खो खो हसले. "तुमचं तुम्हीच करा!"

डॉक्टर थट्टा करत होते. पण धनीरामच्या घराण्यात डॉक्टरचा शब्द थट्टेवारी नेण्याची रीत नव्हती.

पुढच्या आठवड्यात एकोडीचाच एक रोगी पोट दाबून घेता घेता म्हणाला, "उद्या धनीरामच्या घरी दहावं हाय. मले लवकर सोडा."

डॉक्टरांचा हात जागीच थिजला. ऑपरेशनच्या आधी धनीरामनं हाच हात घट्ट धरून ठेवला होता. गाठ परत आली होती का? आपल्याला ती दिसली कशी नाही? प्रबंध गेला चुलीत! सकाळच्या पहिल्या एसटीनं ते साकोलीला आणि तिथून एकोडीला पोचले.

अंगणात मांडव होता. बायका रडत होत्या. आणि मांडवाच्या तोंडाशी, नुकतंच डोकं तासलेला धनीराम पाहुण्यांना पाय धुवायला पाणी देत होता.

"या साहेब! तुमचीच वाट पाहून राहिलो."

डॉक्टरांनी आधी त्याची नाडी धरली. "धनीराम, तुम्ही जिवंत?"

"मी हावो नं. जठर गेलं. तुमीच तं म्हनलं, तुमचं तुमी करा."

"मग या बायका का रडतायत?"

"निरोप आयकून निंगाल्या बिचाऱ्या. आता येवढ्या दुरून आल्या, तं थोडं रडू द्या."

डॉक्टरांना हसावं की धनीरामला मिठी मारावी ते कळेना. तेवढ्यात सगळे तलावाच्या पाळीवर निघाले. पिंड मांडला. मोहाच्या झाडावर कावळा होता, पण खाली येईना.

"काहून शिवून नाही राहिला?" धनीरामची बायको रुखमा घाबरली.

"इच्छा राहिली असंल," म्हातारे सोमाजी म्हणाले. "अन् जठराची इच्छा काय राहते? खायाचीच!"

धनीरामनं घाईघाईनं हात जोडले. "तुह्या नावानं वांग्याची तिखटजाळ भाजी खाईन!"

कावळा झपकन उतरला.

"अजिबात नाही!" डॉक्टर ओरडले. "तिखट म्हणजे उरलेल्या पोटाशी दुश्मनी!"

आता आली पंचाईत. डॉक्टरचं ऐकावं तर कावळा कोपणार, कावळ्याचं ऐकावं तर पोट. रुखमानं क्षणभर विचार केला.

"एक तुकडा अजून साहेबाजवळच हाय नं? म्हंजे जठराचे नातलग साहेबबी झाले. वचन त्यायनं पुरं केलं तं चालन."

रोग्याच्या भल्यासाठी डॉक्टर पंगतीत बसले. पहिल्या घासाला कान तापले, दुसऱ्याला नाक वाहू लागलं, तिसऱ्याला डोळ्यांतून धारा लागल्या.

नेमका त्याच वेळी तुमसरचा तेजराम, रुखमाचा भाऊ, धापा टाकत मांडवात शिरला. त्याची एसटी चुकली होती. घळाघळा रडणारे डॉक्टर पाहून त्याचाही बांध फुटला. त्यांच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "नका रडू साहेब. तुमी लय केलं आमच्या धनीराम भाटव्यासाठी. पन गेलेला मानूस का वापस येते?"

"पानी घ्या," मागून धनीराम म्हणाला.

तेजरामनं वळून पाहिलं. तांब्यातलं पाणी शेवटी त्याच्याच तोंडावर मारावं लागलं.