बंद शेडातली लाल पावडर

"माझ्या चटणीत काय पडतं हे ज्या दिवशी दुसरीला कळंल, त्या दिवशी मी चुलीला शेवटचा नमस्कार करीन!" असं आक्का अख्ख्या गल्लीला ऐकवायची. आणि गल्ली ऐकायची! आक्काच्या कांदा-लसूण चटणीपुढं कसबा बावड्यात मटणसुद्धा पाणचट वाटायचं.

यंदा तर आक्कानं पक्का बंदोबस्त केला. मिरची गिरणीतल्या डंकावर कांडायला न्यावी, तर रांगेतल्या बायका पाटीत डोकावणार. त्यात शेजारची जाऊ तानाबाई म्हणजे मान लांबवण्यात बगळ्याची थोरली बहीण! म्हणून आक्कानं म्हशीचं रिकामं शेड झाडलं, खिडक्यांना पोती ठोकली, आतनं कडी घातली. सून संयोगितानं नाकाला ओढणी बांधली, डोळ्यांवर पोहायचा चष्मा चढवला. मिरच्या तव्यावर पडल्या आणि गल्लीत खोकल्याची साथ आली!

नेमकी त्याच आठवड्यात टीव्हीवर बंद शेडात नशेची पावडर करणारी टोळी दाखवलेली. कुणीतरी फोन फिरवला. तासाभरात दारावर थाप.

"दार उघडा! पोलीस!"

"उघडते की! फोडू नगा, सासऱ्यानं केलेलं दार हाय!" आक्का आतनं ओरडली.

फौजदार आत आले आणि आधी सात-आठ शिंका दिल्या. मग बघतात तर काय! तोंड बांधलेली बाई, लाल पावडरीचा ढीग आणि पांढरे खडे.

"हे पांढरं काय?"

"मीठ! चाटून बघा की पावणं!"

फौजदार काही चाटले नाहीत. पण कोनाड्यात दडवलेली एक पुडी त्यांनी बरोबर उचलली. "आणि ह्यात?"

आक्कानं मान फिरवली. "ते न्हाय सांगणार."

"मग सगळं सील करतो. तपासायला जाईल."

"वर्षाची चटणी? आत्याबाई, सांगून टाका की!" संयोगिता रडकुंडीला आली.

"तू गप!" आक्का फौजदारांकडं वळली. "साहेब, एक इचारू? ह्यो गुन्हा नेमका कुठनं सुरू हुतो? मिरची आणली तवा, भाजली तवा, का मुसळ घातलं तवा?"

फौजदारांनी डोळे पुसले. असलं त्यांना परीक्षेतही कुणी विचारलं नव्हतं. "सामान जमवलं, ती तयारी. करायला हात घातला, की पुढचा मामला. चोरीबिरीत नुसत्या तयारीला शिक्षा न्हाय. पण नशेच्या मालात तयारीसुद्धा अंगलट येती."

"पुडी अजून उखळात पडली न्हाय. मोकळी करा तिला!"

"तसं नसतंय आक्का! पंच बोलवा रे!"

आणि दारात सगळ्यात पुढं कोण? तानाबाई! पंच म्हणून तिलाच आत घेतलं. तिनं पुडी उघडली, हुंगली, पुन्हा हुंगली.

"साहेब, ह्यो तर माझा मसाला! दगडफूल तुपात परतती ती ह्या गल्लीत मी एकटी! संक्रांतीला ही माझ्या सैपाकघरात पाणी प्यायला गेलती. दरसाली डब्यातला मसाला कमी हुतोय, आणि मी उंदराला शिव्या घालतीय!"

फौजदारांनी टोपी काढली. "आक्का, नशा न्हाय निघाली. चोरी निघाली."

"चोरी कसली? चोरीत तयारी माफ, तुमीच म्हणला! अजून चटणीत घातलाय कुठं?"

"तिच्या डब्यातनं तुमच्या पुडीत आला, तिथंच चोरी पुरी झाली!"

आक्कानं हातातलं मुसळ भिंतीला टेकवलं. तानाबाई मात्र हसत होती. "केस नगं साहेब. फकस्त चटणी वाढताना हिनं दरवेळी माझं नाव घ्यायचं. पावण्यांसमोर. मोठ्यानं!"

आक्कानं साहेबांच्या कमरेच्या बेड्यांकडं आशेनं बघितलं. पण साहेब पुन्हा शिंकायला लागले होते.

रविवारी शिरोळचे पाहुणे आले. पहिल्याच घासाला म्हणाले, "काय चटणी हाय, आक्का! कुणाच्या हातची?"

भिंतीपलीकडं तानाबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"तयारी तानाबाईची!" आक्का भिंतीकडं बघून ओरडली. मग पाहुण्यांच्या कानाला लागून हळूच म्हणाली, "पण गुन्हा माझा हाय!"