वेणू हरिणीची वहीत न बसणारी खेप

एका जंगलात वाघोबांनी बाळंतिणींसाठी दवाखाना काढला. वाघाला ही बुद्धी कुठून सुचली, असं आत्ताच विचारू नका, बाळांनो. मध्ये बोललं की गोष्टीला दृष्ट लागते.

डॉक्टर होते खेकडे. दोन्ही नांग्या धारदार, हात हलका. पहिल्याच आठवड्यात मंजुळा सांबरीण अडली. पिल्लू पोटात आडवं. खेकड्यांनी पोट उघडलं, मायलेकरू दोन्ही वाचवली. सगळं रान त्यांच्या पाया पडलं, आणि पडायलाच हवं होतं. पण तेव्हापासून खेकड्यांना जी ती अडलेलीच दिसू लागली.

आपल्या वेणू हरिणीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन पोरं तिने करवंदीच्या जाळीत, कुणाला हाकही न मारता जन्माला घातली होती. पण सासूबाई म्हणाल्या, "अगं, दवाखाना असताना जाळीत कशाला? लोक काय म्हणतील?"

दोघी निघाल्या. पोरंही मागून आली.

डॉक्टर तिरके तिरके पुढे आले. "कितवी खेप?"

"तिसरी."

"आधीची दोन सिझर कुणी केली?"

"कुणीच नाही. आपोआप झाली."

खेकडे हळहळले. "अरेरे! म्हणजे दोनदा थोडक्यात वाचलात."

त्यांनी वही उघडली. वहीत दोनच रकाने. पहिलटकरीण : अनुभव नाही, म्हणून सिझर. पुढची खेप : आधी सिझर, म्हणून सिझर. वेणू कुठेच बसेना.

"दवाखान्याबाहेरची बाळंतपणं आम्ही धरत नाही," खेकडे म्हणाले. "तुम्हाला पहिलटकरीण लिहितो."

"अहो, मग ही दोन कुणाची?"

पोरं टेबलाचा पाय चाटत होती. डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "कागद आहे?"

तेवढ्यात सासूबाईंनी पोपटशास्त्र्यांकडून मुहूर्तही काढून आणला. गुरुवार, सकाळी नऊ वीस. पुष्य नक्षत्र. नातू कळपाचा म्होरक्या होणार!

वेणूचा जीव मात्र भलत्याच गोष्टीत अडकला होता. "डॉक्टर, टाके पडल्यावर पळता कधी येतं?"

"दीड महिना उडीचं नाव काढायचं नाही."

"आणि वाघोबा आले तर?"

"येणारच. विश्वस्त आहेत ते. रोज फेरी मारतात, प्रत्येकीच्या टाक्यांची जातीने चौकशी करतात. फार भला माणूस!"

"आमची मंजुळा कुठे दिसत नाही ती?"

"तिला घरी सोडायला तेच गेले होते."

"पण ती घरी आलीच नाही."

"आमच्या वहीत पोचल्याची नोंद आहे."

गुरुवार उजाडला. वेणू टेबलावर. खेकडे दगडावर नांग्या घासताहेत. आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी वेणूला कळ आली.

"दाबून धरा," खेकडे म्हणाले. "अजून पंधरा मिनिटं आहेत."

"धर गं बाई जरा," सासूबाई कळवळल्या. "पुष्य तरी लागू दे."

"पाणी पिऊन आले हं," म्हणत वेणू उठली, ती थेट करवंदीच्या जाळीत. नऊ सतराला पिल्लू झालं. तिने ते चाटलं, गवतात दडवलं, "हूं की चूं करू नकोस" म्हणाली आणि मुद्दाम उघड्यावर येऊन उभी राहिली. कारण फेरीची वेळ झाली होती.

वाघोबा आले. वेणूने ओढ्यावरून अशी उडी मारली की वाघोबा क्षणभर बघतच राहिले. मग धावले. दुपारपर्यंत तिने त्यांना तीन टेकड्या फिरवलं आणि पाणी पाजून परत पाठवलं.

सासूबाई अजून रुसून आहेत. तीन मिनिटांनी म्होरक्या हुकला.

वाघोबा धापा टाकत दवाखान्यातल्या रिकाम्या खाटेवर आडवे झाले. "डॉक्टर, ही काय व्यवस्था म्हणायची?"

खेकड्यांनी नांग्या जोडल्या. "साहेब, आमचा काही दोष नाही. पेशंट परवानगी न घेता बाळंत झाली."

तात्पर्य : बायांनो, अंगात कितीही बळ असलं तरी कुणाला न विचारता सुखरूप बाळंत होऊ नये. त्याने विश्वस्त उपाशी राहतात.