पेनीनाच्या कोंबडीचा डावा डोळा

सुज्ञ वाचकहो! एका कोंबडीच्या डाव्या डोळ्याचा, व त्या डोळ्यापायी एका सज्जन गृहस्थावर कोसळलेल्या संकटाचा साद्यंत वृत्तांत आज आपणांसमोर ठेवीत आहे. यात तिखटमीठ लावलेले नाही. मीठ आहे, परंतु ते केवळ डोळा धुण्याच्या पाण्यात!

सामोआच्या सवाईई बेटावरील आमच्या गावात फिलेमोनी नामक गृहस्थ राहतो. त्याची पत्नी पेनीना बहिणीच्या बाळंतपणासाठी नऊ दिवस दुसऱ्या बेटावर निघाली, तेव्हा तिच्या तांबड्या कोंबडीचा डावा डोळा सुजून लिंबाएवढा झाला होता. ही कोंबडी म्हणजे पेनीनाच्या दिवंगत मातेच्या हातची एकमेव आठवण!

"हिला काही झालं तर मी परत यायची नाही, सांगून ठेवते!" बोटीत पाय ठेवता ठेवता पेनीना म्हणाली.

"तू निर्धास्त जा गं!" फिलेमोनीने छाती फुगवली. "तू येशील तेव्हा ही दोन्ही डोळ्यांनी तुझ्याकडे टकामका बघत असेल! अगं, कोंबडीचा डोळा म्हणजे काय मोठं!"

बाहेर इतर कोंबड्या त्या बिचारीला टोचीत, म्हणून फिलेमोनीने तिला घरात घेतले, आपल्या स्वच्छ लुंगीत गुंडाळले, आणि कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून पाच वेळा तिचा डोळा पुसू लागला. नीरफणस कुस्करून, त्यात नारळाचे दाट दूध घालून, घास घास भरवू लागला. परंतु आमच्याकडे घरांना भिंती नसतात! खांब असतात आणि झापांचे पडदे असतात. त्याने भर दुपारी पडदे सोडले. पण कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहते काय? शेजारच्या आकेनेसे मावशींनी पडदा बोटभर सारलाच!

"अगं बाई! कोंबडीला हातानं भरवतोयस?"

आता आमच्या गावात कोंबडी स्वतःचे पोट स्वतः भरते. तिला माणूस भरवू लागला, तर त्याचा अर्थ एकच: रविवारची प्रार्थना संपल्यावर ती पाद्रीबाबांच्या पानात जाणार!

"पाद्रीबाबांसाठी ना रे?" मावशींनी भक्तिभावाने हात जोडले.

बायकोच्या कोंबडीची दाईगिरी करतो, हे धडधाकट पुरुषाने कोणत्या तोंडाने सांगावे? फिलेमोनी म्हणाला, "हं."

त्या एका अक्षराने घात केला! संध्याकाळच्या प्रार्थनेपूर्वी बातमी गावभर झाली. कोणी कोंबडीसाठी किसलेला नारळ आणून दिला, कोणी गोगलगायी. आणि दुसऱ्या दिवशी वाटेत खुद्द पाद्रीबाबांनीच त्याला मिठी मारली!

"लेका, सव्वीस वर्षं या गावात काढली! मला जी कोंबडी मिळाली ती माझ्या वयाची. नारळाच्या दुधावर वाढलेली पहिलीच!"

"पण बाबा, ती... तिचा डोळा बरा नाही हो. आजारी प्राणी तुमच्या पानात वाढायचा म्हणजे पाप!"

"खरं आहे, खरं आहे! बरी होऊ दे. आम्ही सगळे प्रार्थना करू!"

म्हणजे कोंबडी बरी झाली तर पाद्रीबाबा खाणार, न झाली तर बायको घरी येणार नाही! फिलेमोनी मिठाचे पाणी कालवी आणि डोळ्याला विनवी, "जरा सावकाश बरा हो रे!" पण डोळ्याला त्याची दया आली नाही. शुक्रवारी सकाळी सूज ओसरली, पापणी फडफडली आणि कोंबडीने दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिले!

"उघडला! उघडला!" आनंदाच्या भरात फिलेमोनी लुंगी सावरीत अंगणात नाचला.

"उघडला गं बायांनो!" आकेनेसे मावशी त्याच्याहून मोठ्याने ओरडल्या. "भट्टीचे दगड तापवायला घ्या! परवा रविवार!"

फिलेमोनी नाचता नाचता मटकन खाली बसला.

शनिवारी सकाळी त्याने निर्णय घेतला. कुळाचे मानाचे नाव धारण करण्याच्या सोहळ्यासाठी तीन वर्षे पोसलेला आपला डुक्कर त्याने सोडला आणि ओढीत पाद्रीबाबांच्या दारी नेला.

"बाबा, हा घ्या, पण कोंबडी मागू नका! ती बायकोच्या आईची आठवण आहे हो! मी तिला पोसत नव्हतो, तिचा डोळा बरा करत होतो. लाजेपायी खोटं बोललो!"

पाद्रीबाबांनी आधी डुकराची दोरी आपल्या खांबाला बांधली. मग त्यांनी त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

"म्हणजे तुला कोंबड्यांचे डोळे बरे करता येतात? आणि हे तू आत्ता सांगतोस!"

दुपारच्या बोटीने पेनीना उतरली आणि धावतच घरी आली. तांबडी दोन्ही डोळ्यांनी टकामका बघत होती! पेनीनाने तिला उराशी धरले, नवऱ्याकडे कौतुकाने पाहिले, मग डुकराच्या रिकाम्या कुंपणाकडे पाहिले.

"डुक्कर कुठंय?"

"पाद्रीबाबांनी ठेवून घेतला."

"आणि हा कोण?"

लुंगीत गुंडाळलेला, दोन्ही डोळे चिकटलेला, नखशिखान्त संतापलेला एक धिप्पाड कोंबडा फिलेमोनीच्या मांडीवर बसून त्याच्या अंगठ्याला चोची मारीत होता.

"हा पाद्रीबाबांनी पाठवला. मागून याच्या सहा बायका येतायत. त्यांचेही डोळे आलेत."

पेनीना शांतपणे चटईवर बसली.

"पुढच्या खेपेला मी कोंबडी तुझ्या ताब्यात देणार नाही," ती म्हणाली. "तुला कोंबडीच्या ताब्यात देऊन जाईन!"

वाचकहो, त्या कोंबड्याला धरून ठेवण्याच्या कामी प्रस्तुत लेखकाचे दोन दिवस व एक सदरा खर्ची पडला आहे. आपण हे शेवटपर्यंत वाचलेत, त्याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
दगडू रामजी साळुंके